गाडीचं खरं ॲव्हरेज: कागदावर १८, हातात ११

निर्झरा
माझी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे. पाच वर्षं झाली. कंपनीच्या पुस्तिकेत १८ किमी/लि. लिहिलंय. नवी होती तेव्हाही १८ कधी आले नाहीत, पण १३-१४ यायचे आणि मी त्यात खूश होते. गेले चार-पाच महिने आकडा घसरत घसरत ११ वर आलाय. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होतं. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. दोन ठिकाणी गाडी दाखवली. एक म्हणाले, "गाडी जुनी झाली की होतंच असं." दुसऱ्यांनी इंजेक्टर साफ करून घ्यायला सांगितलं, तेही केलं. फरक शून्य.

रोज घर ते ऑफिस ६ किमी आणि तेवढंच परत. वाटेत दहा-बारा वेळा तरी थांबावं लागतं. सुट्टीच्या दिवशी गाडी फारशी बाहेर निघत नाही.

तुमच्या गाड्यांचं रोजच्या वापरातलं ॲव्हरेज किती येतं? नुसता आकडा नको. रस्ता कसा, वेग किती, मोजता कसं, हेही लिहा. आणि पाच वर्षांत गाडी एवढी उतरते का? गाडी मी फार जपून वापरते, त्यामुळे "होतंच असं" हे उत्तर मला पटत नाहीये.

चौथा गिअर
१.५ डिझेल सेडान, सात वर्षं. शहरात १५, हायवेला २१. डॅशबोर्डच्या पडद्यावर दिसतं तेच सांगतोय.

हिशेबी
निर्झराताई, सगळ्यात आधी मोजायचं कसं ते ठरवू. मोजमापच हललेलं असेल तर पुढची सगळी चर्चा वाऱ्यावर जाते.

मी नऊ वर्षं एका वहीत प्रत्येक टाकी लिहितोय. टाकी फुल करायची, नळी पहिल्यांदा कट झाली की तिथेच थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा. पुढच्या वेळी पुन्हा कट होईपर्यंत भरायचं, आणि चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. माझी शेवटची नोंद ४१४ किमी, ३१.८ लिटर, म्हणजे १३.०२.

पण एका टाकीवर विश्वास ठेवू नका. नळी कधी अर्धा-एक लिटर आधी कट होते, कधी नंतर. गाडी जरा कललेली असली तरी फरक पडतो. ३२ लिटरमध्ये १ लिटर इकडचा तिकडे झाला तर ३ टक्के चूक, म्हणजे ०.४ किमी/लि. लगोलग तीन टाक्यांची बेरीज केली की मधल्या चुका एकमेकींना खातात. उरते पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची चूक, आणि ती ९५ लिटरवर पसरते.

चौथा गिअर, तुमच्या पडद्याबद्दल: तो इंजेक्टर किती वेळ उघडले यावरून अंदाज बांधतो. माझ्या गाडीत तो वहीपेक्षा नेहमी ५-६ टक्के जास्त दाखवतो. नऊ वर्षांत एकदाही कमी दाखवलं नाही.

चौथा गिअर
मला १५ दिसतात आणि मी समाधानी आहे. राहू द्या ना. :)

खडीचा रस्ता
मी रिझर्व्हचा दिवा लागला की ठरावीक ५ लिटर टाकतो आणि पुन्हा दिवा लागेपर्यंत किती चालली ते बघतो. टाकी फुल करायची गरजच नाही.

हिशेबी
खडीचा रस्ता, दिवा चढावर एका वेळी लागतो आणि उतारावर दुसऱ्या. टाकीत इंधन हिंदकळतं आणि तरंगता गोळा त्याबरोबर हलतो. शिवाय ५ लिटरवर अर्ध्या लिटरची चूक म्हणजे १० टक्के. एवढ्या चुकीत निर्झराताईंचा अर्धा प्रश्न बुडून जाईल.

अजून एक. कुणी मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर मोजतो. घेर ३ टक्के वाढला की ॲव्हरेज तेवढंच कमी "दिसतं". तेवढ्यापुरता दोष गाडीचा नसतो, मोजपट्टीचा असतो.

प्रयोगवही
तो १८ चा आकडा येतो कुठून ते सांगते. कंपनीवर रागावण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

चाचणी खोलीत होते. गाडीची चाकं रोलरवर असतात आणि पडद्यावर वेगाचा आलेख सरकत असतो, चालक त्याप्रमाणे गाडी "चालवतो". हवेचा आणि टायरचा विरोध रोलरमध्ये कृत्रिमरीत्या घातलेला असतो. त्यासाठी आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून तिचा वेग कसा उतरतो ते मोजतात.

युरोपातली जुनी एनईडीसी चाचणी १,१८० सेकंदांची होती. सुमारे ११ किमी अंतर, सरासरी वेग ताशी ३३-३४ किमी. वेग इतक्या हळुवार वाढवायचा की मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार करतील. एसी बंद. तिच्या जागी २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी आली. ती १,८०० सेकंदांची, २३ किमीपेक्षा थोडी जास्त, कमाल वेग १३१. एसी तिच्यातही बंदच. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून पाच वेगवेगळ्या चाचण्यांवरून आकडा काढतात. त्यात भरधाव वेग, एसी सुरू असताना आणि उणे ७ अंश थंडीत, हेही धरलं जातं. म्हणून एकाच गाडीचे तीन ठिकाणी तीन आकडे छापलेले असतात, आणि त्यातला कुठलाही खोटा नसतो.

निर्झरा, तुझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. डब्ल्यूएलटीपीसुद्धा थंड इंजिनने सुरू होते. पण तिथे थंड इंजिनाचा खर्च २३ किमीवर वाटला जातो. तुझा ६ किमीवर वाटला जातो, तोही दिवसातून दोनदा. इंजिन गरम होऊन नीट चालायला लागतं तेवढ्यात तू गाडी बंद करतेस.

निर्झरा
प्रयोगवही, हे खरंच लक्षात आलं नव्हतं. पण रस्ता पाच वर्षं हाच आहे. तेव्हा १३-१४ आणि आता ११, हे कोडं सुटत नाही.

हिशेबी काका, मीही टाकी फुल करूनच मोजते. गेल्या तीन टाक्या ११.३, १०.८, ११.१.

हिशेबी
मग मोजमाप पक्कं आहे. कोडं खरं आहे.

लांबपल्ला
माझी दहाचाकी आहे. वडील चालवायचे, आता मी चालवतो. इथे सगळे कारवाले दिसतायत, म्हणून आमच्या बाजूचं लिहितो.

माल भरलेला असताना सपाटीला ३.८ आणि रिकामी ५.६. कारवाल्यांना हे आकडे ऐकून धक्का बसतो. पण आमच्याकडे दशांशाला किंमत आहे. १,२०० किमीच्या फेरीला ३.८ ने ३१६ लिटर लागतात, ४.१ ने २९३. तेवीस लिटर! ०.३ चा फरक कारवाल्याच्या नजरेतही भरणार नाही, पण त्यावर आमची फेरी फायद्यात जाते की तोट्यात ते ठरतं.

हा ०.३ मी कुठून काढला ते सांगतो. मागच्या चाकांच्या जोडीतला आतला टायर. बाहेरच्याची हवा सगळे बघतात, आतल्याची कुणी बघत नाही. तो बसका असला की बाहेरच्यावर सगळा भार येतो, दोन्ही तापतात आणि डिझेल खातात. आता दर सोमवारी दहाच्या दहा चाकांना गेज लावतो. दुसरं, ताडपत्री. सैल बांधली की वाऱ्यात फडफडते आणि गाडीला मागे ओढते. बांधायला वीस मिनिटं जास्त लागली तरी चालतील. तिसरं म्हणजे वेग. ७० वरून ६० वर आलो. फेरीला अडीच-तीन तास जास्त लागतात, पण तेवढे तर माल उतरवायच्या रांगेत असेच जातात.

ज्यांच्या गाडीला लिफ्ट ॲक्सल (वर उचलता येणारा चाकांचा आस) आहे त्यांनी रिकाम्या फेरीत तो उचलायला विसरू नये. टायरही वाचतात.

प्रयोगवही
लांबपल्ला दादा, तुमच्या वेगाला आकडे जोडते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ६० वरून ७० ला गेलात तर हवा ३६ टक्के जास्त अडवते. कारवाल्यांसाठी: ८० वरून १०० म्हणजे ५६ टक्के जास्त, आणि ८० वरून १२० म्हणजे सव्वादोन पट. पूर्ण भरलेल्या ट्रकला मात्र टायरचा विरोधही तेवढाच जड जातो, म्हणून तुमचा आतला टायर आणि ताडपत्री दोन्ही बरोबर आहेत.

घाटाचाही हिशेब करून बघितला. २५ टनांची गाडी ६०० मीटर उंच चढवायची तर निव्वळ उंचीसाठी सुमारे १४७ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूल असतात, त्यातले ४० टक्के चाकांपर्यंत पोचतात असं धरलं, तर नुसत्या चढायला १० लिटर. हे टाळायला कुठलाच उपाय नाही. ती उंची तुम्ही विकतच घेता.

लांबपल्ला
दहा लिटर बरोबर आहे ताई. घाट चढून वर गाडी थांबवली की काटा बघूनच कळतं.

पाऊलवाट
उतारावर न्यूट्रल मारून गाडी सोडायची, हा माझ्या काकांचा जुना उपाय. मी अजून करतो. चढावर गेलेलं उतारावर थोडं तरी परत मिळतं.

ग्रीसचे हात
पाऊलवाट, तो उपाय कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की संगणक इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, इंधन शून्य. न्यूट्रल मारलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलिंगचं इंधन द्यावं लागतं. म्हणजे वाचवायला जाऊन तुम्ही खर्च करता.

पाऊलवाट
पण गिअरमध्ये सोडली की इंजिन गाडीला अडवतं आणि ती लवकर थांबते. मग पुन्हा रेस द्यावी लागते. न्यूट्रलमध्ये पार खालपर्यंत जाते.

प्रयोगवही
अगदी सौम्य उतार असेल तर पाऊलवाट यांचं म्हणणं हिशेबात बसतं. काही नव्या ट्रकांमध्ये संगणक स्वतःच अशा वेळी गिअर सोडवतो, त्याला इको-रोल म्हणतात. पण उतार तीव्र झाला की तोच संगणक गिअर परत जोडतो. तो निर्णय माणसाने हाताने घेऊ नये असं मला वाटतं.

लांबपल्ला
इथे मला ठाम बोलू द्या. घाटात न्यूट्रल कधीच नाही. गिअर सुटला की इंजिनाचा धरही सुटला आणि एक्झॉस्ट ब्रेकही (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) कामाचा राहिला नाही. सगळं वजन ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनरचा धूर निघतो आणि मग पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. अशी एक गाडी माझ्यापुढून गेलेली मी पाहिली आहे. चालक वाचला, कारण पुढे मातीचा ढीग होता. त्या दिवशी वडिलांनी गाडी बाजूला घेतली आणि अर्धा तास आम्ही दोघं काही न बोलता बसलो होतो. ज्या गिअरने घाट चढायचा, त्याच गिअरने उतरायचा. लिटर-दोन लिटरसाठी हे करू नका, पाऊलवाट भाऊ. हात जोडून सांगतो.

पाऊलवाट
दादा, समजलं. आजपासून बंद.

रविवारची सफर
एसीबद्दल कुणीच बोललं नाही. घरात आमचा कायमचा वाद आहे: खिडक्या उघड्या ठेवायच्या की एसी लावायचा?

चौथा गिअर
हा वाद मिटला तर प्रवासात बोलायचं कशावर? :)

प्रयोगवही
रविवारची सफर, दोघंही बरोबर आहात. हळू चालताना खिडक्या उघडा, वेगात असताना एसी लावा. हळू चालताना उघड्या खिडकीचा त्रास हवेला जाणवतही नाही, पण एसीचा कंप्रेसर मात्र तेवढीच शक्ती मागतो. हायवेच्या वेगाला चित्र उलटतं. उन्हात तापलेली गाडी असेल तर आधी दोन मिनिटं खिडक्या उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यायची, मग एसी. सुरुवातीला कंप्रेसरला सगळ्यात जास्त राबावं लागतं, आणि छोट्या प्रवासात ती सुरुवात म्हणजेच सगळा प्रवास असतो.

टपावरचं कॅरिअरही काढून ठेवा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार टपावरची मोठी पेटी हायवेला ६ ते १७ टक्के इंधन खाते, आणि वेग आणखी वाढवला तर १० ते २५ टक्के. सफर वर्षातून दोनदा असते, कॅरिअर मात्र वर्षभर डोक्यावर असतं.

रविवारची सफर
हे वाचून खाली जाऊन बघून आले. आमचं कॅरिअर गेल्या सुट्टीपासून तसंच आहे. आज उतरवते.

दोन मोटर
माझी हायब्रिड आहे. इथे सगळ्यांचे शहरातले आकडे हायवेपेक्षा कमी आहेत, माझे उलटे. शहरात २३, हायवेला १९-२०. कारण ब्रेक लावला की मोटर जनित्र होते आणि वेगातली ऊर्जा बॅटरीत परत जाते. सिग्नलला इंजिन बंदच असतं. १९९७ मध्ये टोयोटाची प्रियस आली तेव्हापासूनचं हेच तत्त्व. हायवेला ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचं काय? तिथे माझी गाडीही बाकीच्यांसारखी हवेशी झगडते.

प्रयोगवही
दोन मोटर यांनी म्हटलेली ऊर्जा किती असते बघा. १,१०० किलोची गाडी ५० च्या वेगातून पूर्ण थांबली की सुमारे १०६ किलोज्यूल ब्रेकच्या उष्णतेत जातात. इंजिन २५ टक्के कार्यक्षम धरलं तर ते १३ मिलिलिटर पेट्रोल झालं. निर्झरा ६ किमीत बारा वेळा थांबते, म्हणजे जवळजवळ १६० मिली. ६ किमीला १३ च्या ॲव्हरेजने एकूण ४६० मिली लागतात, त्यातला तिसरा हिस्सा नुसत्या थांबण्याचा. लांबून सिग्नल लाल दिसला की आधीच पाय उचलायचा, आणि आपण पोचेपर्यंत तो हिरवा झाला तर ते १३ मिली खिशात राहिले. मला यापेक्षा मोठा उपाय सापडलेला नाही. महागडे इंधन, बाटलीतली औषधं, कशातच एवढं मिळत नाही.

अर्धविराम
पेट्रोलमधल्या इथेनॉलचं काय? माझं ॲव्हरेज कमी झालंय ते त्यामुळेच.

प्रयोगवही
इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या तुलनेत एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे १० टक्के मिश्रणात ३ टक्क्यांच्या आसपास आणि २० टक्के मिश्रणात साडेसहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा घटते. १४ चे १३ होऊ शकतात. १४ चे ११ नाही होत.

हिशेबी
थोडं विषयांतर करतो, पण माझ्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. किमी/लि. हा आकडा आपल्याला फसवतो.

घरात दोन गाड्या आहेत समजा. एक १० देते, दुसरी २०. दोन्ही वर्षाला १२,००० किमी चालतात. पहिली १० वरून १२ वर आणली, की दुसरी २० वरून २५ वर आणली, कशात जास्त वाचेल? सगळे म्हणतात दुसरी, कारण पाचने वाढली. करून बघा. पहिलीचे १,२०० लिटरचे १,००० झाले, वाचले २००. दुसरीचे ६०० चे ४८०, वाचले १२०. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं होतं. १०० किमीला किती लिटर, असं मोजलं की ही फसगत होत नाही. मी वहीत आता दोन्ही रकाने ठेवतो. म्हणूनच लांबपल्ला यांचा ०.३ मोठा आहे आणि माझा ०.३ लहान.

लांबपल्ला
काका, आम्ही वहीत लिटरच लिहितो. मालक विचारतो तेही लिटरच.

ग्रीसचे हात
आता मूळ प्रश्नाकडे. पाच वर्षांत इंजिन एवढं उतरत नाही. १४ चे ११ झाले म्हणजे काहीतरी बिघडलंय आणि ते सापडायलाच पाहिजे. एअर फिल्टरने इंजेक्शनच्या गाडीत ॲव्हरेज फारसं बदलत नाही. हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी सोडतो, फक्त पिकअप मंदावतो.

निर्झराताई, चार गोष्टी बघून सांगा. एक, अर्धा तास चालवून आल्यावर चारही रिमांजवळ हात नेऊन बघा, हात लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय. दोन, चारही टायरची हवा, पण सकाळी थंड असताना. तीन, तापमानाचा काटा ऑफिसला पोचेपर्यंत कुठे असतो? चार, हीटर लावला तर हवा गरम येते की कोमट?

निर्झरा
आज सगळं बघितलं. चाकं सारखीच. हवा ३२ हवी तिथे २६-२७ होती, ही चूक माझी, भरून घेतली. काटा मात्र नाहीये. इंजिन गार असेपर्यंत लागणारा निळा दिवा आहे, तो पूर्वी दोन-तीन मिनिटांत जायचा, आता जवळजवळ ऑफिस येईपर्यंत असतो. आणि हीटर कोमट! मला वाटायचं बाहेर गारवा आहे म्हणून.

ग्रीसचे हात
टायरमुळे फार तर एक-दीड टक्का. निळा दिवा हेच तुमचं उत्तर आहे.

इंजिनात थर्मोस्टॅट असतो, आम्ही त्याला वॉल म्हणतो. इंजिन गार असताना तो बंद राहतो, पाणी आतल्या आतच फिरतं आणि इंजिन पटकन तापतं. तापल्यावर तो उघडतो आणि पाणी रेडिएटरला जातं. तो उघडा अडकला तर रेडिएटर पहिल्या मिनिटापासून इंजिनाला गार करत राहतो. संगणकाला वाटतं इंजिन अजून गारच आहे, मग तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइल जाड राहतं. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलही खराब होतं. लांबच्या प्रवासात कदाचित जाणवणार नाही, पण तुमच्या ६ किमीत प्रत्येक मीटरला जाणवतं.

ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकाला जोडून आतले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लावून पाण्याचं तापमान बघा. ८५ ते ९५ च्या मध्ये हवं. आणि एक सांगा, चार-पाच महिन्यांपूर्वी पाण्याच्या लाइनचं काही काम केलं होतं का?

निर्झरा
हो! पाण्याचा होज गळत होता. एका गॅरेजमध्ये बदलून घेतला होता. नेमकं त्याच्यानंतरच सुरू झालं की काय?

ग्रीसचे हात
वॉल ज्यात बसतो ते हाउसिंग उघडून बघायला सांगा. मला जी शंका येतेय ती खोटी ठरो.

निर्झरा
आठ दिवसांनी लिहितेय. शेजारच्या दादांकडे ओबीडी रीडर होता. ऑफिसला पोचले तेव्हा तापमान ५८. परत येताना ६१ च्या वर गेलंच नाही. दुसऱ्या मेकॅनिककडे गाडी नेली आणि समोर उभं राहून हाउसिंग उघडायला लावलं. आत वॉल नव्हताच. अडकलेला नाही, नव्हताच! होज बदलताना काढून टाकला होता आणि मला एक शब्द सांगितला नव्हता. पाच महिने मी स्वतःच्या चालवण्याला दोष देत होते. खूप वाईट वाटलं.

नवा वॉल बसवला, ऑइलही बदललं. आज निळा दिवा तीन मिनिटांत गेला.

ग्रीसचे हात
हीच शंका होती. गाडी तापते अशी तक्रार येऊ नये म्हणून काही जण वॉल काढून टाकतात. जुन्या इंजिनांत चालून जायचं. आमच्या धंद्यातले लोक असं करतात आणि गिऱ्हाइकाला सांगतही नाहीत, याचा मला मनस्वी राग येतो. सर्वांना विनंती, पाण्याच्या लाइनचं काम झालं की जुने काढलेले भाग परत मागा.

हिशेबी
निर्झराताई, आता तीन टाक्या लिहा. घाई करू नका, तीन पूर्ण होऊ द्या.

निर्झरा
काका, झाल्या तीन. १२.९, १३.४, १३.३. एकूण ९४.७ लिटर, १,२५० किमी, म्हणजे १३.२. तुमच्या रकान्यात मांडलं तर १०० किमीला ९ लिटरवरून ७.६ वर.

त्या शेवटच्या दोन टाक्यांत मी प्रयोगवहीचं सिग्नलचं गणितही वापरलं. लाल दिसला की पाय उचलायचा. बारा थांब्यांचे सात-आठ होतात. मागचे कधीकधी हॉर्न वाजवतात, पण सिग्नलला तेही माझ्या शेजारीच येऊन उभे राहतात. बाहेरची कामं ऑफिसातून परत येतानाच उरकते, म्हणजे गरम इंजिन वाया जात नाही.

आणि एक लिहायचंच आहे. काल आईला घेऊन २३० किमी जाऊन आले. ८० च्या वर गेलेच नाही, टप मोकळा, टायर ३२. परत येऊन टाकी फुल केली तर १२.४ लिटर बसलं. म्हणजे १८.५! एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही हे लक्षात आहे, आणि एवढ्या थोड्या पेट्रोलवर तर नाहीच. तरी पाच वर्षांत पहिल्यांदा पुस्तिकेतला आकडा बघितला, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवला.

लांबपल्ला
वा ताई! गाडी चांगलीच होती तुमची.

चौथा गिअर
तुमच्या सगळ्यांच्या नादाने मीही तीन टाक्या मोजल्या. शहरात पडदा १५ म्हणत होता, वही १४.१ म्हणते. हिशेबी काका, सहा टक्के, अगदी तुम्ही म्हणालात तसेच. पुढची टाकी गुरुवारी भरेन. वहीत १०० किमीचा रकाना कसा आखायचा तेवढं सांगा.